आरशासमोरचे पहिले शील



पंचशीलातले पहिले शील आपण प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे घेतो. विहारात घेतो, लग्नमंडपात घेतो, बाळाच्या नामकरणाला आणि मयताच्या शोकसभेलाही घेतो. ते घेताना आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? कुणाच्या डोळ्यांपुढे सुरी येईल, कुणाच्या बंदूक, कुणाच्या बळीचा बोकड. पावडरचा डबा मात्र कुणाच्याही डोळ्यांपुढे येत नाही. काजळाची डबी, ओठांची लाली, तोंडाला लावायचे क्रीम, शाम्पूची पुडी यांचा जीवहत्येशी काय संबंध, असेच कोणीही म्हणेल. परंतु संबंध आहे. तो कोणता आहे आणि नवदीक्षित बौद्ध कुटुंबाने त्याबाबत कसे वागावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. नटणे हेच मुळी पाप आहे, असे येथे सांगावयाचे नाही. उपोसथाच्या दिवशी अष्टशील पाळणारा उपासक माळा, गंध आणि विलेपन यांपासून दूर राहतो. भिक्षू तर नेहमीच दूर असतो. परंतु संसारात राहणाऱ्या उपासक-उपासिकेवर रोजच्या पंचशीलाने तसे बंधन घातलेले नाही. शिवाय आपल्या समाजात नेटके दिसण्याला एक इतिहास आहे. लुगडे कसे नेसावे, दागिना कोणत्या धातूचा घालावा, हे आपल्या आज्या-पणज्यांच्या बाबतीत गाव ठरवीत असे. १९२७ च्या डिसेंबरात महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर भाषण केले. अस्पृश्यपणाची ओळख पटवणारी लुगडे नेसण्याची पद्धत सोडा, ते जड दागिने टाका, स्वच्छ राहा, असे त्यांनी सांगितले. म्हणून आपल्या घरातल्या बाईने आरशासमोर उभे राहणे ही केवळ चैन मानता येत नाही. तिच्या माणूसपणाचा तो एक भाग आहे. तिने तेथे अवश्य उभे राहावे. विचारायचे ते इतकेच, की त्या आरशाच्या मागे कोणाला उभे केले आहे?

पुष्कळ वर्षे तेथे ससा उभा होता. १९४४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील जॉन ड्रेझ व त्याच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. पांढऱ्या सशाच्या एका डोळ्यात तपासायचा पदार्थ घालायचा, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा. मग कित्येक दिवस रोज पाहायचे, की डोळा किती लाल झाला, किती सुजला, बुबुळावर व्रण पडला का. सशाला माणसासारखे भरभरून अश्रू येत नाहीत, म्हणून घातलेला पदार्थ लवकर धुऊन जात नाही. त्याने पंजाने डोळा पुसू नये म्हणून त्याची मान खोड्यात अडकवत. केस भादरलेल्या कातडीवरही असेच पदार्थ लावून ठेवत. १९२७ साली निघालेल्या आणखी एका चाचणीत, पदार्थ किती प्रमाणात पोटात गेला म्हणजे निम्मे प्राणी मरतात, हे मोजत. शाम्पू, लाली, क्रीम आणि त्यांच्यातली रसायने अशा परीक्षांतून पास होऊन दुकानात येत होती.

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. या चाचण्या केवळ दुष्टपणापोटी निघाल्या नव्हत्या. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत ‘लॅश ल्यूर’ नावाचा पापण्यांना लावायचा रंग विकला जात होता. त्याने काही स्त्रियांचे डोळे गेले, एक तर दगावली. तेव्हा प्रसाधनांवर तेथे सरकारचा अंकुश नव्हता. तो १९३८ च्या कायद्याने आला. विकण्यापूर्वी माल निर्धोक आहे हे पाहा, ही मागणी रास्तच होती. बाईचा डोळा वाचवायचा होता. त्यासाठी सशाचा डोळा घेतला गेला.

येथे बाबासाहेबांच्या विवेचनाकडे वळावे लागते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी अहिंसेचा अर्थ उलगडला आहे. तथागतांची अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, असे ते सांगतात. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व त्याला विचार करायला मोकळे ठेवते, पण त्या विचाराची जबाबदारीही त्याच्यावरच टाकते. जीव घेण्याची गरज आणि जीव घेण्याची इच्छा या दोहोंत त्यांनी भेद केला आहे. गरज असेल तेथे माणूस लाचार असू शकतो. गरज नसताना केलेली हिंसा ही इच्छेची हिंसा होय, आणि धम्म तिला थारा देत नाही.

ही कसोटी आपल्या प्रश्नाला लावून पाहा. रोग्याचे प्राण वाचवणाऱ्या औषधाचा प्रश्न वेगळा आहे. तो गहन आहे आणि या लेखात तो सोडवायचा नाही. येथे प्रश्न ओठांच्या लालीचा आहे. लालीवाचून कोणी मरत नाही. तरीसुद्धा १९४४ साली कोणी म्हणाला असता, की दुसरा उपायच नाही, तर त्याला उत्तर देणे कठीण गेले असते. आज तसे राहिलेले नाही. दुसरा उपाय सापडला आहे. आणि उपाय सापडला, की गरज संपते. त्यानंतरही हिंसा चालू राहिली, तर तिच्यात उरते ती केवळ इच्छा, किंवा इच्छेची धाकटी बहीण असलेली बेपर्वाई.

उपाय कसा सापडला, तेही ऐकण्यासारखे आहे. न्यूयॉर्कमध्ये हेन्री स्पिरा नावाचा एक मास्तर होता. तो आधी जहाजावर खलाशी होता, मोटारीच्या कारखान्यात मजूर होता, कामगार संघटनेत आणि काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या लढ्यात उतरलेला होता. पुढे तो शाळेत शिकवू लागला. १५ एप्रिल १९८० रोजी त्याने व त्याच्या साथीदारांनी वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन रेव्हलॉन या बड्या प्रसाधन कंपनीला जाहीर सवाल केला, की सौंदर्यासाठी तुम्ही किती सशांना आंधळे करता? त्याच वर्षी कंपनीने पर्यायी चाचण्यांच्या संशोधनासाठी रॉकफेलर विद्यापीठाला साडेसात लाख डॉलर देऊ केले. १९८१ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात याच कामासाठी केंद्र उभे राहिले, तेही प्रसाधन उद्योगाच्या पैशातून. आज माणसाच्याच पेशींपासून प्रयोगशाळेत कातडीचा पापुद्रा वाढवतात आणि त्यावर पदार्थ तपासतात. ज्या घटकांचा निर्धोकपणा वर्षानुवर्षांच्या वापराने सिद्ध झाला आहे, त्यांची तर नव्याने परीक्षा घेण्याचे कारणच नसते.

माणसांच्या हक्कांसाठी लढलेला मनुष्य सशाच्या डोळ्यासाठी लढायला गेला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात येथे एक प्रश्न उसळी मारतो, आणि तो दाबून ठेवण्यात अर्थ नाही. तो प्रश्न असा: “प्राणिदयेचे हे गोडवे आम्हाला कशाला सांगता? मुंगीला साखर घालणारे लोकच आम्हाला पाणी नाकारत होते ना?”

प्रश्न खरा आहे. महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती आणि माणसाने ओंजळ भरली तर तळे बाटत होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तेथे पाणी प्राशन केले ते ही व्यवस्था मोडण्यासाठी. आपल्या वाडवडिलांनी मेलेली गुरे ओढली, कातडी कमावली, आणि ज्यांच्या पायात त्या कातड्याचे जोडे होते त्यांनीच आपल्याला हिंसक व अपवित्र ठरवले. ही अहिंसा नव्हतीच. ते सोवळे होते. सोवळे विचारते, ‘मला काय शिवले?’ करुणा विचारते, ‘कोणाला लागले?’ पहिल्या प्रश्नात माणूस स्वतःभोवती फिरतो. दुसऱ्यात तो दुसऱ्याकडे जातो. म्हणून आपण प्रसाधनांचा हा विचार सोवळ्याच्या अंगाने मुळीच करू नये. डब्यावर हिरवा ठिपका आहे म्हणून आम्ही शुद्ध, आणि तुमच्या डब्यावर नाही म्हणून तुम्ही हलके, अशी भाषा बौद्धाच्या तोंडी शोभणार नाही. आपली करुणा अपुरी ठेवून त्यांच्या अपुऱ्या करुणेचा सूड घेता येत नाही. आपल्याला ती पुरी करावयाची आहे.

आणि ती पुरी करायची तर आरशामागे सशाच्या शेजारी उभे असलेले पोरही पाहावे लागेल. लालीला, पापण्यांच्या रंगाला, नखांच्या पॉलिशला जी चमक असते ती पुष्कळदा अभ्रकाची असते. झारखंडातील कोडरमा व गिरिडीह आणि त्याला लागून असलेला बिहारचा भाग अभ्रकासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर तेथील बऱ्याच खाणी बंद पडल्या, पण अभ्रक जमिनीतच होते आणि पोटे रिकामीच होती. सोडून दिलेल्या खाणींच्या बिळांत शिरून, ढिगारे उपसून अभ्रकाचे तुकडे वेचायचे, हा तेथील भूमिहीन, आदिवासी आणि दलित कुटुंबांचा उद्योग झाला. या तुकड्यांना तिकडे ‘ढिबरा’ म्हणतात. बिळे अरुंद, म्हणून लहान मुले कामाची ठरतात. २०१६ साली रॉयटर्स या वृत्तसंस्थेने शोध घेतला, तेव्हा दोन महिन्यांत किमान सात मुले अशा खाणींत मेल्याचे उघडकीस आले. घरच्यांनी तोंड बंद ठेवावे म्हणून मृत्यू लपवले जात होते. त्यानंतर काही कंपन्यांनी एकत्र येऊन सुधारणेची योजना काढली. तरी डब्यावरचे सशाचे चित्र या मुलांबद्दल काही सांगत नाही. ते सशापुरतेच बोलते. ‘क्रूरतामुक्त’ हा शब्द उच्चारताना बौद्धाने हे विसरू नये.

तिसरी व्यक्ती आरशाच्या मागे नसून समोरच असते. मी शाळेत शिकवते. वर्गाचा फोटो काढायच्या दिवशी सावळ्या मुली तोंडाला पांढरी पावडर थापून येतात आणि गोऱ्या मुली तशाच येतात. ही पावडर कोणत्याही सशावर तपासलेली नसली, तरी तिच्यात क्रूरता नाही असे मला म्हणवत नाही. १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ या क्रीमच्या नावातून गोरेपणाचा शब्द २०२० साली वगळला गेला, पण मनातून तो अजून गेलेला नाही. गोरे करणाऱ्या काही बेनामी क्रीममध्ये पारा असतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ साली अशी क्रीमे लावणाऱ्यांचे मूत्रपिंड बिघडल्याचे डॉक्टरांच्या ध्यानात आले. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणारी व्यवस्था आपण नाकारली. मग कातडीच्या रंगावरून स्वतःच्या लेकीची किंमत ठरवणे आपल्याला कसे चालेल? प्राणिमात्रांत आपली लेकही येते.

आता प्रश्न उरतो, करावे काय?

आपल्या देशापुरती एक समाधानाची गोष्ट आहे. २०१३ साली भारतीय मानक ब्यूरोने प्रसाधनांच्या मानकातून प्राण्यांवरील चाचण्या काढून टाकण्याचा निर्णय घेतला. २०१४ साली सरकारने नियम करून प्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास बंदी घातली आणि त्याच वर्षी तशी चाचणी केलेला माल आयात करण्यासही मनाई केली. युरोपीय संघाने २००४ मध्ये तयार मालाची, २००९ मध्ये घटकांची चाचणी थांबवून २०१३ मध्ये अशा मालाची विक्रीही बंद केली होती. म्हणजे गावच्या दुकानात मिळणारी देशी पावडर घेताना तुम्हाला सशाची फार चिंता करण्याचे कारण नाही आणि त्यासाठी महागडा परदेशी डबाही विकत घ्यायला नको. शील हे पैसेवाल्यांची मिरासदारी नव्हे.

पण कायद्यातून काही फटी राहतात. चीनमध्ये आयात प्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी २०२१ पर्यंत सक्तीची होती. त्या वर्षी साध्या प्रसाधनांना काही अटींवर सूट मिळाली. त्यामुळे एकच कंपनी एका देशात एक आणि दुसऱ्या देशात दुसरे वागत आली. कोणी आखातातून भेट आणतो, कोणी फोनवरून परदेशी डबा मागवतो. अशा वेळी डबा उलटून वाचावा. ‘तयार मालाची प्राण्यांवर चाचणी केलेली नाही’ असे लिहिले असेल, तर त्यातील घटकांचे काय, हा प्रश्न उरतोच. उडी मारणाऱ्या सशाचे ‘लीपिंग बनी’ हे चिन्ह देणारी संस्था घटकांपर्यंत चौकशी करते. १९९६ पासून तिचे काम चालू आहे. ‘व्हीगन’ या शब्दाचा अर्थ निराळा: त्या मालात प्राण्यापासून घेतलेला घटक नाही, इतकेच. चाचणीबद्दल तो काही सांगतोच असे नाही. हिरव्या ठिपक्याचेही तसेच.

घटकांची दोन-चार नावे लक्षात ठेवली तरी पुष्कळ काम होते. ‘कारमाईन’ किंवा ‘सी.आय. ७५४७०’ हा लाल रंग निवडुंगावरचे किडे वाळवून काढतात. एका किलोला लाखाहून अधिक किडे लागतात. साबणावर ‘सोडियम टॅलोएट’ असेल तर ती जनावराची चरबी. ‘लॅनोलिन’ हे मेंढीच्या लोकरीतले मेण. लोकर कातरून ते निघते, त्यासाठी मेंढी मारावी लागत नाही. या साऱ्या गोष्टी सारख्या वजनाच्या नाहीत, हे यावरून दिसेल. नियमाने चालणारा सगळ्यांवर एकच फुली मारतो. तत्त्वाने चालणारा प्रत्येकीचे वजन करतो.

येथे धम्मातील आणखी एक कसोटी उपयोगी पडते. जीवक वैद्याला तथागतांनी मांसाबद्दल सांगितले, की आपल्यासाठी जीव मारला हे भिक्षूने पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तशी त्याला शंका असेल, तर ते मांस त्याने घेऊ नये. पाहिलेले, ऐकलेले आणि शंकिलेले. दुकानातला माल गिऱ्हाइकासाठीच बनतो, आणि गिऱ्हाईक आपण असतो. सशाचा डोळा आपण पाहिला नाही, हे खरे. पण ऐकले आहे. अभ्रकाच्या बिळातले पोर आपण पाहिले नाही, पण चमचमत्या डबीविषयी आता शंका घ्यायला जागा आहे. पारा असलेले क्रीम तर पुष्कळदा बेनामीच असते, त्याचे नाव नसणे हीच शंका. ज्याने ऐकलेच नाही त्याला दोष देता येत नाही. ज्याने ऐकले, त्याला मात्र ‘मला काय ठाऊक’ असे म्हणण्याची मुभा राहत नाही. धम्म अज्ञानाला दुःखाचे मूळ म्हणतो, ते यासाठीच.

म्हणून भगिनींनो, घरात आहे ते संपू द्या. पैसे देऊन आणलेली डबी उकिरड्यावर फेकल्याने कोणताही ससा परत पाहू लागणार नाही. ती संपली, की पुढची घेताना तीन प्रश्न विचारा. ही मला खरोखर हवी आहे का? हिच्यासाठी कोणाला दुखवले आहे का? आणि ही मला माझ्याच कातडीची लाज वाटायला लावते का? पुष्कळदा पहिल्याच प्रश्नाला चार डब्यांपैकी दोन गळून पडतील आणि घरखर्चही आटोक्यात येईल. खोबरेल तेल, शिकेकाई, बेसन घरात असतेच. बांधवांनी हा बायकांचा विषय समजून पान उलटू नये. दाढीचा साबण, केसांचा कलप आणि अत्तर ही पुरुषांचीच प्रसाधने आहेत, आणि घरात कोणती सून गोरी हवी हे ठरवण्यात पुरुषांचा वाटा काही थोडा नसतो. दुकानदाराला विचारा, कंपनीला पत्र लिहा. विचारणारे गिऱ्हाईक वाढले, की विकणाऱ्याला उत्तर शोधावे लागते.

एकदम सगळे साधले नाही तर खचू नका. गिरनारच्या शिळेवर सम्राट अशोकाचे लेख आहेत. पहिल्या लेखात तो कबूल करतो, की पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यासाठी रोज लाखो प्राणी मारले जात. आता दोन मोर आणि एक हरीण एवढेच मारले जाते, हरीणही नेहमी नव्हे, आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. एवढा मोठा सम्राट, पण आपली अहिंसा अजून पुरी झालेली नाही हे त्याने दगडावर कोरून ठेवले. लगेच पुढच्या लेखात तो सांगतो, की आपण माणसांसाठी आणि पशूंसाठी अशी दोन्ही प्रकारची चिकित्सा सुरू केली आहे. एका लेखात एका दमात दोन्ही. आधी माणूस की आधी पशू, असा वाद त्याने घातला नाही.

बावीस प्रतिज्ञा घेताना आपण प्राणिमात्रांवर दया करण्याचीही प्रतिज्ञा घेतली. ती दीक्षाभूमीवर पुरी होत नाही, तेथे ती सुरू होते. पुरी व्हायची ती रोज सकाळी, चूल पेटवताना, कामावर निघताना, आणि हो, भांग पाडून आरशात पाहतानाही. पुढच्या वेळी पावडरचा डबा हातात घ्याल तेव्हा तो जरा उलटून पाहा.